पऱ्हाट्यांची पीएच.डी.

पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, पास झालो त्या दिवशी घरी पेढे वाटले. ते जरा घाईचंच झालं.

पेटचा पेपर तसा अवघड नसतो. निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीचे, निम्मे विषयाचे. एम.एस्सी. केमिस्ट्री २०२१ ला झालेली, अभ्यास हाताशी होता. पण पेट पास म्हणजे पीएच.डी.ला ॲडमिशन नव्हे. पास झालेल्याने गाईड शोधायचा असतो, आणि गाईडच्या जागा मोजलेल्या असतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाप्रमाणे प्रोफेसरकडे एका वेळी आठ विद्यार्थी, असोसिएट प्रोफेसरकडे सहा, असिस्टंट प्रोफेसरकडे चार. जागा रिकामी कधी होणार, तर आधीचा कोणी थिसीस देऊन बाहेर पडेल तेव्हा. म्हणजे अनोळखी माणसाची पीएच.डी. लवकर पूर्ण व्हावी म्हणून मी देवाला हात जोडत होतो. चार महिने जळगाव, धुळे, शिरपूर फिरलो. प्रत्येक ठिकाणी चहा मिळाला, जागा मिळाली नाही. शेवटी एका महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रातल्या मॅडमकडे एक जागा मोकळी झाली. मॅडमनी पहिलाच प्रश्न विचारला, "घरी काय पिकतं?"

मी म्हटलं, "कापूस."

"मग काडी फुकट मिळेल. ये उद्यापासून."

विषय असा ठरला. कापसाच्या पऱ्हाट्यांपासून, म्हणजे वाळलेल्या काड्यांपासून, ॲक्टिव्हेटेड कार्बन (रंग शोषून घेणारा कोळसा) करायचा आणि त्याने पाण्यातला रंग काढायचा. आमचं गाव अमळनेर तालुक्यात. कापूस वेचून झाला की उरलेल्या पऱ्हाट्या चुलीत जातात, नाहीतर बांधावर पेटवून देतात. घरी अप्पांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं तर त्यांनी विडी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "पऱ्हाट्या ते आपुन दरसाल जायतस, तेन्हामा काय शिकानं शे?"

दरसाल जाळायच्या काडीत शिकण्यासारखं काय, या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. गंमत म्हणजे हाच प्रश्न दोन महिन्यांनी आरआरसीत आला, फक्त इंग्रजीत.

आरआरसी म्हणजे संशोधन व मान्यता समिती. तिच्यासमोर प्रस्ताव मांडायचा आणि तिने होकार दिला की मग रजिस्ट्रेशन. त्या दिवशी पहाटेच्या गाडीने धरणगावमार्गे जळगावला आलो आणि रिक्षाने विद्यापीठात. गिरणेच्या काठी, महामार्गाला लागून आमचं विद्यापीठ आहे. पुणे विद्यापीठातून वेगळं होऊन १५ ऑगस्ट १९९० ला ते सुरू झालं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार अशा तीन जिल्ह्यांचं. आम्ही अजूनही उमवि, म्हणजे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, म्हणतो. २०१८ मध्ये नावात कवयित्री बहिणाबाई चौधरी जोडलं गेलं, तेव्हा मी बी.एस्सी.ला होतो. त्यामुळे माझ्या पहिल्या दोन वर्षांच्या मार्कशीटवर एक नाव आणि तिसऱ्या वर्षाच्या मार्कशीटवर दुसरं. परराज्यातल्या एका मुलाखतीत मला विचारलं होतं, "मध्येच युनिव्हर्सिटी का बदलली?" तेव्हापासून नामांतराच्या परिपत्रकाची झेरॉक्स फाईलमध्ये कायम असते. फॉर्मवरच्या चौकोनांत ते नाव आजही मावत नाही, हा भाग वेगळा.

तर आरआरसी. दहा मिनिटांचं प्रेझेंटेशन, घसा कोरडा. एका सदस्यांनी चष्मा काढून विचारलं, "शेतातल्या काडीकचऱ्यापासून कार्बन करण्यावर ढिगाने पेपर आहेत. कापसाच्या काडीवरही आहेत. यात नवीन काय?"

मी जे बोललो ते आता आठवलं तरी लाज वाटते. "सर, खान्देशातल्या काडीवर झालेलं नाही." समितीत हशा पिकला. शीर्षकात दुरुस्ती सुचवून प्रस्ताव मंजूर झाला, पण "नवीन काय" ते मात्र माझ्या मानगुटीवर बसलं ते बसलंच.

कोर्सवर्कबद्दल फार सांगण्यासारखं नाही. संशोधन पद्धती, संगणक, थोडी आकडेमोड, एक परीक्षा. मित्र मिळाले ते मात्र तिथेच. आमच्यात एक मराठीवाला, एक कॉमर्सवाला आणि नंदुरबारकडची एक वनस्पतिशास्त्राची ताई. नेट-जेआरएफ माझं निघालं नव्हतं, म्हणून फेलोशिप नव्हती. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायचो. सकाळी तास, दुपारी लॅब. मानधन वर्षातून दोनदा यायचं, आणि आलं की एकदम आल्यामुळे श्रीमंत झाल्यासारखं वाटायचं. आठवडाभर.

लॅबमधलं काम ऐकायला सोपं आहे. काडी धुवायची, ओव्हनमध्ये वाळवायची, दळायची, चाळायची. फॉस्फोरिक ॲसिडमध्ये रात्रभर भिजत ठेवायची. मग मफल फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, ५०० अंशांवर तासभर. बाहेर येतो तो काळा भुगा डिस्टिल्ड वॉटरने धूत राहायचा, सामू (पीएच) सातला येईपर्यंत, म्हणजे ॲसिड पूर्ण निघेपर्यंत. हे धुणं म्हणजे खरी पीएच.डी. सकाळी सुरू केलेलं संध्याकाळपर्यंत चालायचं आणि लिटमस तरीही लाल. बोटांच्या भेगांत काळं इतकं बसायचं की तासाला फळ्यावर लिहिताना पोरं हाताकडे बघायची. एकदा भट्टी ३२० वर असताना लाईट गेली ती दोन तासांनी आली. अख्खा नमुना वाया. पुन्हा धुण्यापासून.

पण पहिल्या वर्षाचा निकाल झकास आला. मिथिलीन ब्ल्यूचं निळं पाणी, त्यात चिमूटभर कार्बन, शेकरवर तासभर हलवलं, गाळलं, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ६६४ नॅनोमीटरला मोजलं. ९४ टक्के रंग गायब. बीकरमधलं पाणी पिता येईल असं दिसत होतं. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वर्षीच्या काडीवर परत कर, मग पेपर लिहू." आणि पेपर तर हवाच होता. माझं रजिस्ट्रेशन २०१६ च्या नियमांखालचं. थिसीस देण्याआधी एक शोधनिबंध छापून यायला हवा आणि दोन परिषदांत सादरीकरण. २०२२ च्या नव्या नियमांत ही पेपरची सक्ती काढली, पण आम्ही अलीकडच्या काठावर राहिलो.

दुसऱ्या वर्षीची काडी आली. तीच पद्धत, तेच ॲसिड, तीच भट्टी. निकाल ५८ टक्के.

वाटलं वजनात चुकलो. परत केलं. ५६. ॲसिडची नवी बाटली फोडली. ५९. कार्बनचं पृष्ठफळ मोजायला नमुने बाहेर पाठवले, त्याचे पैसे उसने घेतले, महिनाभराने रिपोर्ट आला. पहिल्या वर्षीच्या कार्बनच्या निम्म्यानेही भरत नव्हतं. राख मात्र जवळजवळ तिप्पट. मॅडम काही बोलल्या नाहीत, आणि ते जास्त लागलं. त्या दोन महिन्यांत मी बी.एड.च्या जाहिराती पाहायला लागलो होतो.

इकडे घरी वेगळंच रामायण. माझ्यासाठी म्हणून अप्पांनी पऱ्हाट्यांचा ढीग खळ्यात रचून ठेवलेला. कृषी खात्याचं सांगणं असतं की फरदड (हंगाम संपल्यावरही तेच पीक पुढे ठेवणं) घेऊ नका, वेचणी झाली की पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावा, नाहीतर गुलाबी बोंडअळी त्यात दडून बसते आणि पुढच्या हंगामात वर येते. शेजारचे तात्या रोज कुंपणाशी येऊन ओरडायचे, तुमच्या पोराच्या शाळेपायी आमचा कापूस जाईल म्हणून. चूक त्यांची नव्हती. मी काडी पोत्यांत भरून लॅबकडे हलवायला घरी गेलो. अप्पा पोती धरायला आले. बोलता बोलता मी सगळं सांगून टाकलं. मागच्या वर्षी चांगलं आलं, यंदा येत नाही, राख जास्त निघते.

अप्पांनी ढिगातली एक पऱ्हाटी ओढली, बुडखा माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "यंदा उपटेल शेतस त्या. मांगला साल कापेल व्हत्यात."

बुडख्याला मूळ होतं, मुळाला काळी माती. वाळून दगड झालेली.

मागच्या वर्षी मजुरांनी कोयत्याने कापल्या होत्या. यंदा मजूर मिळाले नाहीत म्हणून अप्पांनी चिमटा लावून मुळासकट उपटल्या. मी पोतं उघडून काडी धुवायचो आणि सरसकट दळायचो. मुळांच्या सालीत, बेचक्यांत घट्ट बसलेली माती वरवरच्या धुण्याने निघतच नव्हती. ती भट्टीतून राख म्हणून बाहेर पडायची आणि कार्बनमध्ये तितकी भर करायची. ॲसिड बदलून पाहिलं, पण काडी कशी काढली हे शेतात कोणाला विचारायचं सुचलं नाही. शेतकऱ्याचा पोरगा म्हणवून घ्यायला तोंड नव्हतं.

मॅडमना फोन केला. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "अरे, मग हेच काम आहे ना." पुढचं दीड वर्ष तेच केलं. कापलेली काडी, उपटलेली काडी, मूळ तोडून टाकलेली, पावसात भिजलेली, खळ्यात सहा महिने पडलेली. प्रत्येकाची राख वेगळी, कार्बन वेगळा. अप्पांच्या खिशातल्या डायरीत कोणत्या वावरात कोणतं बियाणं, कधी लावलं, कधी उपटलं हे सगळं सापडलं, कारण दुकानदाराचा उधारीचा हिशेब त्यातच असायचा. माझ्या थिसीसमधला एक तक्ता त्या उधारीवरून तयार झाला आहे.

पेपर पहिल्या जर्नलने नाकारला. मधल्या काळात पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या एका जर्नलची ईमेल आली, "७२ तासांत स्वीकृती," फीचा आकडा खाली बारीक अक्षरांत. मी मोहात पडलो होतो, फॉर्म अर्धा भरला होता. मॅडमनी पाहिलं आणि लॅपटॉप बंद केला. दुसऱ्या जर्नलने मोठ्या दुरुस्त्या मागितल्या. एका परीक्षकाला हवं होतं की तोच कार्बन धुऊन पाच वेळा पुन्हा वापरून दाखवा. परत धुणं. झालं एकदाचं.

थिसीस लिहून उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर १९ टक्के साम्य. मर्यादा १० ची. चोरी कुठे केली म्हणून रात्रभर बघितलं, तर बहुतेक माझ्याच पेपरमधली आणि कृतीची तीच ती वाक्यं. "नमुना वाळवून चाळून घेतला" हे किती प्रकारे लिहिता येतं, याचा मी आता तज्ज्ञ आहे. मग प्री-सबमिशन, सिनॉप्सिस, सह्या, बाईंडिंग. २०२५ च्या सुरुवातीला थिसीस दिला. त्यानंतर परीक्षकांची वाट. एका परीक्षकांचा अहवाल पाच आठवड्यांत आला, दुसऱ्यांचा पाच महिन्यांत. त्या काळात अप्पा दर रविवारी फोनवर एकच विचारायचे, "आखो कितला दिन?" आणि मी दर रविवारी म्हणायचो, या महिन्यात.

व्हायवा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, खुला असतो, कोणीही येऊन बसू शकतं. अप्पा आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, मागच्या बाकावर. बाहेरून आलेले परीक्षक इंग्रजीत बोलणारे, शांत. त्यांनी शेवटी विचारलं की बाजारातून कुठलीही काडी आणली तर तुझे आकडे येतील का? मी म्हटलं, नाही सर, आणि तो राखेचा तक्ता लावला. ते बराच वेळ तक्त्याकडे बघत होते. मग एवढंच म्हणाले की ही नोंद इतरांनीही करायला हवी होती.

बाहेर आल्यावर सगळ्यांनी हात मिळवले, पेढ्यांचा पुडा फुटला. या वेळी वेळेवर. अप्पा जरा बाजूला उभे होते. मी पाया पडलो तर खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "फोटू ते मस्त शे. पन ते वावर आपलं नही, तात्यानं शे."

तिसऱ्या प्रकरणातला पहिला फोटो. "नमुने गोळा केलेले शेत" असं खाली मीच लिहिलेलं. बांधावर उभं राहून काढला होता आणि कॅमेऱ्याचं तोंड पलीकडे होतं. काडी आमचीच, आकडेही खरे, पण शेत तात्यांचं. थिसीस तोवर बाईंड झालेला, प्रती गेलेल्या, शोधगंगेवर, म्हणजे थिसीसच्या ऑनलाइन भांडारात, चढायला निघालेला.

तात्यांना अजून सांगितलेलं नाही.