मोज्याला लागलेलं औषध

मी कातडीवर लावायच्या औषधांच्या फॉर्म्युलेशनवर काम करते, म्हणजे मलम, जेल, लोशन बनवायचं आणि त्यातलं औषध कातडीत किती जातं ते मोजायचं. विषय एकच, बुरशी. गजकर्ण, नायटा, पायाच्या बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या. त्या शुक्रवारी जे झालं त्याने माझ्या कामाची दिशाच बदलली म्हणून सविस्तर लिहितेय.

आमच्याकडे फ्रान्झ सेल नावाचं काचेचं दोन भागांचं भांडं असतं. मधे डुकराच्या कानाची कातडी ताणून बसवायची, वरून औषध लावायचं, खाली बफर (आम्लता कायम ठेवणारं द्रावण), त्यात छोटा मॅग्नेट गोल फिरत राहतो, आणि कातडीचं तापमान ३२ डिग्रीला ठेवायचं कारण आपल्या कातडीचा पृष्ठभाग साधारण तेवढाच असतो. खाली हवेचा एक बुडबुडा जरी राहिला तरी ते रीडिंग गेलं, रात्री दोनला उठून तिरपं करून बुडबुडे काढलेत मी. गुरुवारी लावलेल्या प्रयोगात तीन गोष्टी होत्या, तिन्हीत टर्बिनाफिन हे बुरशी मारणारं औषध १ टक्का. एक साधं क्रीम, एक माझं लाडकं मायक्रोइमल्शन (तेल-पाण्याचं अतिसूक्ष्म थेंबांचं मिश्रण) जेल, आणि तिसरं एक पातळ द्रावण, ज्यातलं अल्कोहोल उडून गेलं की कातडीवर पॉलिमरचा बारीक पापुद्रा राहतो. तिसरं मी सेल रिकामे होते म्हणून लावलं होतं, खरंच त्याच्याकडून काही अपेक्षा नव्हती.

सकाळी एचपीएलसीचे, म्हणजे द्रावणात औषध किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राचे, आकडे आले आणि मी हवेत. मायक्रोइमल्शनचं औषध खालच्या बफरमध्ये बाकी दोघांपेक्षा कितीतरी जास्त उतरलं होतं, ग्राफ बघत राहावं असा. सरांकडे पळत गेले. सरांनी शांतपणे बघितला आणि विचारलं, "बुरशी कुठे राहते गं?"

मी म्हटलं, सर्वात वरच्या मेलेल्या थरात.

"मग खाली बफरात पोचलेलं औषध कुणासाठी?"

मला उत्तर माहीत होतं आणि तरी ते इतके दिवस डोक्यात शिरलं नव्हतं. गजकर्ण करणारी बुरशी केराटिनवर, म्हणजे कातडी-केस-नखांतल्या प्रथिनावर, जगते आणि केराटिनचा तो वरचा मृत थर अंगावर बऱ्याच ठिकाणी जेमतेम १० ते २० मायक्रॉन जाड असतो, साध्या कागदापेक्षाही कितीतरी पातळ (तळपायाचा अर्थात खूप जाड). त्याच्या खाली गेलेलं औषध रक्तात जातं. सांधेदुखीच्या जेलला हे चालतं, तिथे खालीच पोचायचंय, मी मोजायची पद्धत तिथूनच उचलली होती. इथे औषध पार करायचं नव्हतं, थांबवायचं होतं.

मग त्याच कातड्यांवर टेप स्ट्रिपिंग केलं. चिकटपट्टी दाबायची, ओढायची, प्रत्येक पट्टीबरोबर मृत थराचा एक पदर निघून येतो, पहिल्या दोन पट्ट्या सोडून द्यायच्या कारण त्यांच्यावर नुसतं वर राहिलेलं औषध असतं, बाकीच्या वेगवेगळ्या बाटल्यांत मिथेनॉलमध्ये बुडवायच्या, म्हणजे औषध त्यात उतरतं आणि मोजता येतं. दुपारपर्यंत चित्र उलटं झालं. वरच्या थरात मायक्रोइमल्शन आणि साधं क्रीम जवळपास सारखेच, आणि ज्याला मी मोजतही नव्हते तो पापुद्रा पुढे.

मला रडू येत होतं, तशीच काचसामान धुवायच्या सिंकपाशी उभी होते. तिथे आमचे काका असतात, दिवसभर रबरी बुटात, हात-पाय ओले. त्यांनी विचारलं काय झालं, मी सांगत सुटले, सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "ताई, मला तर वर्षानुवर्षं चिखल्या आहेत. मलम लावतो, मोजे चढवतो, बूट घालतो, संध्याकाळी मोजाच चिकट असतो. आत जाईल तेव्हा जाईल, आधी वर तरी राहू दे."

दोन वर्षांत मी कितीतरी पेपर वाचले असतील पण माझ्या प्रयोगात मोजा नव्हता. माझी कातडी काचेत बंद, तिला ना घाम, ना घासणं.

मी सुती मोज्याचे तुकडे कापले. कातडीवर औषध लावून अर्धा तास थांबले, मग वर तुकडा ठेवून ठरावीक वजनाखाली ठरावीक वेळा घासला, आणि तो तुकडाच मिथेनॉलमध्ये टाकला. रात्री अकराला निकाल आला. क्रीमचं भरपूर औषध मोज्यावर, पापुद्र्याचं अगदी नाममात्र. टर्बिनाफिनचं असं पापुद्रा बनवणारं द्रावण बाजारात केव्हाच आलेलं आहे, दोन्ही पायांना एकदाच लावायचं, २४ तास पाय धुवायचे नाहीत आणि औषध वरच्या थरात पुढे कित्येक दिवस टिकतं. हे वाक्य मी दहा वेळा वाचलेलं, अर्थ त्या रात्री कळला.

अर्थात नुसतं टिकून भागत नाही. केराटिनला घट्ट चिकटलेलं औषध साठा म्हणून राहतं पण बुरशीला मारतं ते मोकळं असलेलं, म्हणून नखाच्या बुरशीसाठी २०१४ मध्ये आलेलं एफिनाकोनाझोल हे औषध केराटिनला कमी चिकटतं आणि आत सरकतं. आणि बुरशीनेच कुलूप बदललं असेल तर साठा किती का असेना उपयोग नाही. २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं नाव मिळालेल्या बुरशीत टर्बिनाफिन ज्या एन्झाइमवर काम करतं त्याच्याच जीनमध्ये बदल सापडतात. म्हणून आता मी पापुद्रा तोच ठेवून आत वेगळ्या गटातलं औषध, ल्युलिकोनाझोल, घालून बघतेय. शिवाय प्रतिबंधाचा प्रश्न आहेच, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मोज्यात, बुटात पडून राहिलेले बीजाणू काही तासांत कातडीला धरतात आणि वरचा थर तर दोन-चार आठवड्यांत झडून जातो, औषध घेऊनच जातो, मग बरं झालेल्या पायाला पापुद्रा किती दिवसांनी परत लावायचा?

काकांना मी माझं द्रावण दिलं नाही, लॅबमधलं काही माणसाला द्यायचं नसतं. त्यांची ट्यूब मात्र मागून बघितली तर त्यात बुरशीच्या औषधासोबत कडक स्टिरॉइड. त्याने खाज आणि लाली पटकन जाते, माणसाला बरं वाटतं आणि आत बुरशी आरामात पसरते, याचा मला फार राग येतो. त्यांना म्हटलं काका, हे लावू नका आणि त्वचेच्या डॉक्टरकडे जा, तोवर बेचके नीट कोरडे करा, मोजे ६० डिग्रीच्या पाण्यात धुवा. डॉक्टरांनी दिलेलं औषध रात्री मोजे न घालता लावा असंही सांगितलं.

सोमवारी ते हात पुसत आले, "ताई, मोज्याचं काय आलं?" मी स्क्रीनवर दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी लावून दाखवले, क्रीमच्या मोज्याचं शिखर वरपर्यंत गेलेलं आणि दुसरं शोधावं लागेल इतकं बारीक. काका बराच वेळ बघत होते. मग बोट लावून म्हणाले, "म्हणजे एवढं सगळं मी रोज धुण्यात टाकत होतो."