मायाळूचा देठ फेकू नका

पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि भाजीचे भाव चढतात, तेव्हा कोकणातल्या स्वयंपाकघरात काटकसर ओघानेच येते. उन्हाळ्यात लाल मातीचा हात देऊन सुकवलेल्या फणसाच्या आठळ्या अळूच्या फदफद्यात पडल्या, की वेगळी उसळ लागत नाही. दोडक्याच्या शिरा तिळाबरोबर खमंग परतून त्यांची चटणी होते.

टाकाऊ भागांतून भाजी उगवायची असेल, तर माझ्या मते सुरुवात मायाळूपासून करावी. भज्यांसाठी पाने खुडल्यावर उरणाऱ्या जाड देठाचे वीतभर तुकडे करून खालचा पेर ओल्या मातीत दाबला, की तिथून पांढरी मुळे सुटतात आणि वरच्या पेरातून तुकतुकीत, मांसल पान डोकावते. कुंडीला भोक मात्र हवेच, आणि ती पागोळ्यांखाली ठेवू नये, कारण साचलेल्या पाण्यात देठ कुजतो.

कांद्याचा मुळांकडचा बुंधा थोड्या पाण्यात ठेवल्यास आठवडाभरात पात येते. तिच्यातून नवा कांदा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. पाणी रोज बदलावे, नाहीतर वास येतो आणि डासही होतात. डोळा फुटलेले आले मे-जूनमध्ये लावावे आणि साधारण 8 ते 9 महिन्यांनी, पाने पिवळी पडून सुकल्यावर काढावे. तोवर लागेल तेव्हा कडेची माती हलकेच उकरून ओल्या आल्याचा एखादा तुकडा चहापुरता मोडून घेता येतो.