बंदी नाहीये, पण बसायचं कुठं?

मशिदीत बायकांना जाता येतं का गं, हा प्रश्न ऑफिसात दर रमजानला कुणी ना कुणी विचारतंच. बहुतेक जण सरळ मनानं विचारतात, एखादा आदल्या रात्री टीव्हीवरची भांडणं बघून आलेला असतो तेही लगेच कळतं. मी म्हणते हो, बंदी वगैरे काही नाही. की पुढचा प्रश्न तयार, मग तू जातेस का? नाही जात. आणि का नाही ते चहाच्या पाच मिनिटांत सांगून होत नाही म्हणून इथं लिहितेय, जरा लांबेल.

आधी किताबातलं सांगते, कारण आमच्यातल्याच बऱ्याच पोरींना हे कुणी सांगितलेलं नसतं. मदिन्यात पैगंबरांच्या मशिदीत बायका नमाजला यायच्या, पहाटेच्या फजरला आणि रात्रीच्या इशाला पण. पुढे पुरुषांच्या सफा म्हणजे रांगा, मागे बायकांच्या, मधे ना भिंत ना पडदा. हदीस म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी, त्यातले बारके तपशील वाचले की सगळं डोळ्यापुढं येतं. लोक गरीब, पुरुषांची कापडं आखूड, म्हणून बायकांना सांगितलेलं की सजद्यातून, म्हणजे जमिनीला कपाळ टेकलेलं असतं तिथून, पुरुष नीट उठून बसेपर्यंत डोकं वर काढू नका. म्हणजे अडचण होती तर तिच्यावर तोडगा काढला, बायकांना घरी नाही पाठवलं! नमाज झाली की पुरुष जागेवरच थांबायचे, आधी बायका बाहेर पडायच्या. मागून बाळ रडल्याचा आवाज आला की पैगंबर नमाज आटोपती घ्यायचे, आईचा जीव तिकडं लागलेला असणार म्हणून. मशीद झाडणारी एक बाई होती, ती वारली तर लोकांनी तिला परस्पर दफन केलं, एवढं काय कळवायचं म्हणून, तर पैगंबरांनी तिची चौकशी केली आणि कबरीवर जाऊन नमाज पढले. ईदचं तर असं की, उम्मे अतिय्या या पैगंबरांच्या काळातल्या बाई सांगतात, तरुण मुली, पाळीतल्या बायका सगळ्यांना ईदगाहवर घेऊन यायचा हुकूम होता, पाळीतल्यांनी नमाज पढायची नाही पण दुआत सामील व्हायचं, आणि एखादीकडे चादर नसेल तर मैत्रिणीनं आपली द्यावी. आता हे वाचा आणि मग आपल्याकडची ईदची सकाळ आठवा, सगळे पुरुष अत्तर लावून ईदगाहकडं आणि आम्ही शेवया भाजत!

आणि पैगंबरांचा तो सगळ्यात ठाऊक असलेला हुकूम, अल्लाहच्या दासींना अल्लाहच्या मशिदींपासून अडवू नका. हदीसच्या दोन मोठ्या किताबांत, बुखारीत पण आहे, मुस्लिम नावाच्या किताबात पण. पैगंबरांचे साथीदार हजरत उमर यांना आपल्या बीवीनं अंधारात मशिदीत जाणं आवडायचं नाही, ती तरी जायची. कुणीतरी तिला विचारलं, त्यांना आवडत नाही माहितीये तरी तू जातेस कशी? ती म्हणाली, मग ते मला सरळ मना का करत नाहीत? उत्तर हाच हुकूम. हजरत उमर यांच्यासारखा कडक माणूस, पण अडवू शकला नाही.

दुसरी बाजू नाही असं नाही. बाईची घरातली नमाज जास्त चांगली, अशी पण हदीस आहे. पैगंबरांच्या बीवी हजरत आयेशा म्हणाल्या होत्या की हल्लीच्या बायकांचं वागणं पैगंबरांनी पाहिलं असतं तर त्यांनीच मना केलं असतं. इमाम अबू हनीफांनी वयस्कर बायकांना पहाटेच्या-रात्रीच्या नमाजेपुरती सूट ठेवली आणि नंतरच्या हनफी उलेमांनी, म्हणजे त्यांना मानणाऱ्या धर्मपंडितांनी, फितन्याच्या म्हणजे मोह-गडबडीच्या भीतीनं ती पण काढून घेतली. आपल्या भागात बहुसंख्य हनफी, त्यामुळं पिढ्यान् पिढ्या तसंच चालत आलं. अहले हदीस किंवा जमाते इस्लामी या दुसऱ्या गटांच्या मशिदींत बऱ्याच ठिकाणी बायकांची सोय असते, केरळात तर यावरून पारंपरिक सुन्नी आणि मुजाहिद म्हणजे तिथले सुधारणावादी यांच्यात कित्येक वर्षांचा वाद आहे. म्हणजे हा एका धर्माचा एक नियम नाहीये, कोणत्या मसलकची म्हणजे पंथाची मशीद आणि कमिटीवर कोण बसलंय याच्यावर सगळं.

हे झालं किताबाचं. आता आमच्या सोलापुरातल्या विजापूर वेशीत या.

रमजानात मीना बाजार भरतो तेव्हा निम्मं सोलापूर तिथं असतं आणि त्यात बायकाच जास्त. बांगड्या, चपला, पोरांचे कपडे, खजूर, गर्दी अशी की रिक्षा सोडा पायी चालायला जागा नाही. मगरिबची म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजेची अजान झाली की रोजा सुटतो, खजूर तोंडात टाकायची, पाणी प्यायचं, आणि मगरिबचा वेळ सगळ्या नमाजांत तंग, सूर्य बुडाला की तासा-सव्वा तासात संपला. पुरुषांचं कसं, पिशवी बायकोच्या हातात द्यायची आणि जवळच्या मशिदीत जाऊन यायचं, नळ आहे, चटई आहे, पंखा आहे, दहा मिनिटांत मोकळे. आणि बायको? ती दोन पिशव्या आणि एक पोरगं घेऊन बंद शटरच्या पायरीवर उभी. घर नई जिंदगी भागात नाहीतर होटगी रोडला, त्या गर्दीतून बाहेर पडून घरी पोचेपर्यंत मगरिब गेलेली असते. मी स्वतः एका कापड दुकानाच्या ट्रायल रूममध्ये नमाज पढलेय, दुकानदार भला माणूस, त्यानं स्वतःहून नवं चादरीचं पॅकेट फोडून अंथरायला दिलं. पण ते त्याच्या भलेपणावर झालं ना. बाजारात रोजा ठेवलेल्या एवढ्या बायका आणि त्यांनी नमाजसाठी दुकानदाराची मर्जी बघायची.

हायवेला आणखी मजा. पुण्याला जाताना अडीचशे किलोमीटर, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण कुठंतरी जुहर-असरची म्हणजे दुपारच्या नमाजांची वेळ होतेच. मशिदीसमोर गाडी लागते, भाईजान, आमचे हे, पोरं सगळी आत जातात, वजू करून, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुऊन, तोंडावरून पाणी निथळत ताजीतवानी होऊन परत येतात. मी आणि भाभी गाडीत. वजूला पाणी कुठं तर पेट्रोल पंपावर, आणि पंपाच्या बाथरूमबद्दल मी काही बोलत नाही, ज्या बायका प्रवास करतात त्यांना माहितीये. मग सीटवर बसूनच पढायची. प्रवासात नमाज कमी करायची सवलत शरीयतनं बाईला पण दिली, पण ती अदा करायला दोन हात जागा कुणी दिली नाही.

घरातलीच चांगली असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं की ती हदीस मला मान्य, पण मी घरात असेन तेव्हा. हे सांगितलं गेलं तेव्हाची बाई आणि आजची नोकरीला जाणारी, पोराला क्लासला सोडणारी, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये सासऱ्याजवळ रात्र काढणारी बाई, हिचं घर दिवसातले दहा-बारा तास तिच्यापासून लांब असतं. ती ऑफिसला जाऊ शकते, बाजारात, लग्नात, दर्ग्यात जाऊ शकते आणि फितना फक्त मशिदीच्या दारात होतो, हे मला खरंच समजत नाही.

अम्मीशी यावरून माझं जमत नाही. ती म्हणते, "कायकू जाना वां? मरदां का हुजूम रहता." तिला घरचा तिचा कोपरा प्रिय आहे, खिडकीजवळ जानमाज म्हणजे नमाजेची चटई, तस्बीह म्हणजे जपमाळ, कुणाची घाई नाही. आणि तिचं एक म्हणणं मला पटतं पण, की पुरुषाला जमातीनं, म्हणजे मशिदीत सगळ्यांबरोबर, पढायची सक्ती आणि आपल्याला सूट, ही सूट म्हणजे रहमत आहे, पहाटे थंडीत उठून पळायचं नाही, जुम्म्याला म्हणजे शुक्रवारच्या नमाजेला काम टाकून जायचं नाही. बरोबर. मला पण सक्ती नकोच आहे. पण सूट दिली म्हणून दारच ठेवलं नाही, हे कसं? जिला नको तिनं जाऊ नये, जिला वाटेत वेळ गाठायचीये तिला जाता आलं पाहिजे.

आणि खुतबा, म्हणजे जुम्म्याचं प्रवचन! उम्मे हिशाम नावाच्या सहाबिया, म्हणजे पैगंबरांच्या सोबतीतल्या बाई होत्या, त्यांना कुराणातली अख्खी सूरह काफ पाठ झाली ती जुम्म्याच्या खुतब्यात पैगंबरांच्या तोंडून ऐकून. आमच्याकडं दर शुक्रवारच्या बयानात आमच्याबद्दल बोललं जातं, मोबाईल, पडदा, हुंडा, तलाक, पोरींचं शिक्षण, आणि ते आम्हाला कळतं नवरा जेवताना सांगेल तेवढं, तेही त्याला आठवलं तर. तलाक आणि मेहेरवर बोलणाऱ्या मौलानांच्या समोर चार बायका बसलेल्या असत्या तर बयान जरा वेगळं झालं असतं असं मला नेहमी वाटतं.

कोर्टाचं पण थोडक्यात सांगते. 2019 मध्ये पुण्यातलं एक जोडपं सुप्रीम कोर्टात गेलं, बायकांना मशिदीत नमाज पढू द्या म्हणून. त्यावर 2020 मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं प्रतिज्ञापत्र दिलं की इस्लाममध्ये बायकांना मशिदीत यायची परवानगी आहे, जमातीची आणि जुम्म्याची सक्ती तेवढी नाही. 2023 ला पुन्हा तेच, फक्त स्त्री-पुरुष एकत्र मिसळून नको. दरम्यान शबरीमला मंदिरातल्या बायकांच्या प्रवेशाच्या फेरविचाराबरोबर हा प्रश्नही 2019 मध्येच मोठ्या खंडपीठाकडं पाठवायचं ठरलं होतं. मुंबईच्या हाजी अली दर्ग्याचं वेगळं होतं, तिथं आधी बायका मजार म्हणजे कबरीपर्यंत जायच्याच, मग ट्रस्टनं बंद केलं, भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका हायकोर्टात लढल्या, ऑगस्ट 2016 ला निकाल लागला आणि नोव्हेंबरमध्ये त्या परत आत गेल्या. तिथं बंदी होती म्हणून ती उठवता आली. आमच्याकडं बंदीच नाही तर उठवायचं काय? बोर्ड परवानगी आहे म्हणतं, कमिटी म्हणते आम्ही कधी अडवलंय, आणि मशिदीला बायकांचं दार नाही, जिना नाही, वजूचा नळ नाही, संडास नाही. कोर्ट उद्या हो म्हणालं तरी नळ काय कोर्ट बसवून देणारे?

टीव्हीवर आमचा कळवळा येऊन ओरडणाऱ्यांबद्दल पण एक वाक्य लिहितेच. त्यांना माझ्या नमाजेशी काही देणंघेणं नाही आणि त्यांच्यामुळं उलट घरातलं बोलणं बंद होतं, मी तोंड उघडलं की चाचा म्हणतात, आता तू पण त्यांच्यासारखं बोलायला लागलीस. त्यामुळं गप्प बसणाऱ्या बायका मला माहिती आहेत.

भाची कॉलेजात आहे, ती मला विचारते की वेगळं तरी का बसायचं, अमेरिकेत 2005 ला अमीना वदूद यांनी बाई असून स्त्री-पुरुष दोघांच्या जुम्म्याची इमामत केली, म्हणजे पुढे उभं राहून नमाज पढवली, मग? तिचा प्रश्न चूक नाही, मक्केत काबाच्या तवाफला म्हणजे प्रदक्षिणेला बायका-पुरुष एकत्रच फिरतात, अम्मी हजला जाऊन आली तेव्हा तिला कुणी वेगळं काढलं नाही. पण माझं विचाराल तर मला अनोळखी पुरुषाच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं नाहीये, सजद्यात तर अजिबात नाही, वेगळी सफ मला सोयीचीच वाटते. माझं भांडण वेगळेपणाशी नाही, वेगळं म्हणून जे हातात देतात त्याच्याशी आहे. एका नातेवाईकांच्या गावी बायकांसाठी जागा आहे असं ऐकून हौसेनं गेले, तर ती खोली म्हणजे जनाजाची म्हणजे मयत न्यायची खाट, जुन्या चटया आणि बंद पडलेला कूलर यांच्यामधली मोकळी फरशी, स्पीकर खरखरत होता, इमाम रुकूत म्हणजे कमरेत वाकले की सजद्यात गेले ते कळेना. भोपाळची ताजुल मसाजिद शाहजहाँ बेगमनं बांधायला घेतली तेव्हा बायकांची जागा धरूनच घेतली होती, एकोणिसाव्या शतकात. म्हणजे बांधणाऱ्याच्या डोक्यात बाई असेल तर जागा निघते.

आमच्या भागात सध्या एका मशिदीचं बांधकाम चाललंय. चंदा सगळ्यांकडून घेतला, शिवणकाम करणाऱ्या, बिड्या वळणाऱ्या बायकांनी पण दिला, एकीनं तर कानातले काढून दिले, पावत्या मात्र नवऱ्यांच्या नावावर. तीन मजले, खाली मार्बल, वर एसी लावायचा विचार आहे, गाड्यांना पार्किंग आहे. बायकांसाठी विचारलं तर जागा नाही. मी भाईजानकडून नकाशाचा फोटो मागवला. मागच्या गल्लीकडून एक जिना थेट पहिल्या मजल्यावर जातो, तिथं कोपऱ्यात स्टोअर दाखवलंय, बाजूलाच पाण्याची लाईन. त्या स्टोअरच्या जागी चार नळ, एक संडास आणि दोन सफा सहज बसतात, मुख्य दाराशी कुणाचा संबंध येत नाही, पडदा राहतो, मौलाना पण खूश. भाईजाननं मीटिंगमध्ये काढलं, दोघं बुजुर्ग नाराज झाले, एक तरुण ट्रस्टी म्हणाला बात तो सही है, बाकीचे बघू म्हणाले. पहिल्या मजल्याचा स्लॅब पावसाळ्याच्या आधी पडणार आहे, प्लंबिंग त्याच्या आधी ठरणार, त्यामुळं बघू म्हणायला फार दिवस नाहीत आणि मी भाईजानला रोज फोन करतेय. चंदा दिलेल्या बायकांच्या सह्यांचा कागद पण फिरवायला घेतलाय, त्यावर अम्मीनं पहिली सही केली. जायचं नाहीये तिला अजून पण, "तुमना होना ना, लेव", तुम्हाला हवंय ना, घ्या, म्हणाली.