नामिबियात बारा रात्री, स्वतः गाडी चालवत

नवऱ्याने केलेल्या पहिल्या आराखड्यात बारा रात्रींत आठ मुक्काम होते. फिश रिव्हर कॅन्यन, ल्युडरित्झ, वाळूत बुडालेलं कोल्मन्सकॉप, सगळंच. नणंदेने तो कागद वाचला आणि विचारलं, "यात आपण गाडीतून उतरणार कधी?" मग दक्षिणेकडचा अख्खा भाग आम्ही काढून टाकला. वाळवंटातल्या सेस्रिमला दोन रात्री, किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंडला तीन, ट्वायफेलफाँटेनला दोन, इटोशाच्या अभयारण्यात तीन आणि येता-जाता राजधानी विंडहूकला एकेक. तुम्ही जाणार असाल तर माझा पहिला आग्रह हाच: मुक्काम कमी करा.

आफ्रिकेच्या नैर्ऋत्येचा हा देश महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आणि वस्ती सुमारे 30 लाखांची. बी क्रमांकाचे रस्ते डांबरी आहेत. सी आणि डी क्रमांकाचे बहुतेक खडीचे, त्यांवर पत्र्यासारख्या लाटा उठलेल्या असतात. सेस्रिम ते स्वाकोपमुंड जेमतेम साडेतीनशे किलोमीटर. सकाळी आठला निघालो, वाटेत एक पंक्चर झालं, सॉलिटेअरला डिझेल आणि तिथला प्रसिद्ध ॲपल पाय झाला, मकरवृत्ताच्या पाटीशी फोटो झाले आणि पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. फोनवरचा नकाशा जी वेळ सांगेल तिच्यात दीड-दोन तास मिळवूनच दिवस आखा. अंधार पडल्यावर गाडी चालवूच नका. कुडू हा सांबराएवढा प्राणी अचानक रस्त्यावर उडी घेतो. समोर जनावर आलं तर ब्रेक लावा, पण खडीवर स्टिअरिंग झटकन फिरवू नका, गाडी उलटते. आम्ही ऐंशीच्या वर गेलो नाही.

गाडी फोर बाय फोर घेतली. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, त्यामुळे हात लगेच बसला. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना मात्र काढून न्या. गाडी ताब्यात घेताना दोन स्टेपन्या, जॅक, पाना, हवा मोजायचं मीटर आणि कंप्रेसर आहे ना, हे स्वतः पाहा. टायर आणि काचेचा विमा वेगळा घ्या, कारण दगड हमखास लागतात. करारातलं आणखी एक कलम वाचा: दुसरी गाडी नसताना आपली गाडी उलटली, तर बऱ्याच करारांत भरपाई मिळत नाही. पंप दिसला की टाकी अर्धी असली तरी फुल करायची. काही पंपांवर कार्ड चालत नाही, थोडी रोख हवी. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड एकाच भावाने चालतात.

सेस्रिमच्या पुढे सोसुसव्लेई हा लाल वाळूच्या टेकड्यांचा भाग आहे. त्यासाठी मुक्काम तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या आतच मिळवा, महाग पडला तरी. बाहेर राहणाऱ्यांना फाटक सूर्योदयाला उघडतं, आत राहणाऱ्यांना त्याच्या तासभर आधी निघता येतं. तेवढ्या एका तासात वाळूच्या टेकड्यांची एक बाजू तांबडी आणि दुसरी काळी दिसते. साठ किलोमीटर डांबरी, मग शेवटचे पाच खोल वाळूचे. तिथे चाकांतली हवा कमी करायची किंवा सरळ तिथल्या शटलने जायचं. जवळच्या डेडव्लेई या कोरड्या तळात बाभळीच्या कुळातली काळी पडलेली झाडं उभी आहेत. वाळू सरकत आली, नदीचं पाणी तुटलं आणि झाडं मेली. कुजायलाही ओल नाही, म्हणून कित्येक शतकं तशीच उभी. त्यांना हात लावू नका, टेकू नका. लोक फोटोसाठी टेकतात ते पाहून मला फार वाईट वाटलं.

ऑगस्टमध्ये, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, वाळवंटात पहाटे दात वाजतील अशी थंडी असते. लोकरी टोपी आणि जाड जाकीट घ्याच. स्वाकोपमुंडलाही बेंग्वेला या थंड सागरी प्रवाहामुळे दुपारपर्यंत धुकं. गाव टुमदार जर्मन घरांचं आहे, पण 1904 ते 1908 या काळात जर्मन सत्तेने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला, त्यातली एक छळछावणी इथे होती. गावाच्या कडेला स्मशानभूमीलगत निनावी मातीचे उंचवटे आहेत. किनाऱ्यावर फिरायला निघाल तेव्हा तिथेही जाऊन या.

ट्वायफेलफाँटेनची खोदचित्रं वाटाड्यासोबतच पाहता येतात. एका सिंहाच्या शेपटीच्या टोकाला पंजा कोरलाय, आणि समुद्रापासून इतक्या आत चक्क सील. कोकणातली कातळशिल्पं पाहिलेल्या माणसाचा पाय तिथून निघत नाही.

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. विंडहूकच्या सुपरमार्केटमध्ये डाळ, तांदूळ, भाज्या सगळं मिळतं. पुढे छोट्या गावांत मांसच जास्त, म्हणून नणंदेची थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट कामी आलं. चुलीची सोय असलेली घरं घ्या. आपल्या गीझरला असतो तसा मोठा तीन पिनांचा प्लग तिथे चालतो. आपल्या छोट्या प्लगसाठी घरूनच एक ॲडॅप्टर न्या. अदिस अबाबामार्गे जाणार असाल तर पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या, परत येताना आपल्याच विमानतळावर दाखला मागू शकतात. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांचा जन्मदाखला ठेवा.

इटोशात सुरुवातीला आम्हीही गाडी पळवत होतो. दुसऱ्या दिवशी एकाच पाणवठ्यावर तीन तास थांबलो आणि पांढऱ्या धुळीने माखलेला हत्तींचा कळप, झेब्रे, लांब शिंगांची ओरिक्स हरणं, सगळे आपणहून आले. ओकाउकुएयो या उद्यानातल्याच मुक्कामाच्या जागेतल्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात. तिथलं आरक्षण कित्येक महिने आधी करा. जेवून, कांबळं घेऊन बाकावर बसा. साडेदहाला काळा गेंडा आला, मागे पिल्लू. काझीरंग्याच्या गेंड्याला एक शिंग, याला दोन. पाऊण तास कुणी शब्द बोललं नाही.

परतीच्या दिवशी इटोशाहून थेट विमान गाठू नका. विंडहूक सव्वाचारशे किलोमीटरच्या वर, आणि विमानतळ शहराच्याही पुढे चाळीसेक किलोमीटर. वाटेत ओट्जिवारोंगोजवळचं चित्ता संवर्धन केंद्र लागतं. सप्टेंबर 2022 मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनोला नामिबियातून आठ चित्ते आले, त्या कामात या केंद्राचा हात होता. तिथे निवांत दोन तास काढा, विंडहूकला झोपा आणि सकाळी गाडी परत करताना चाकं, काच आणि स्टेपन्या त्यांच्या माणसासमोर तपासून कागदावर सही घ्या.