प्रायमाक्विनच्या आधीचा प्रश्न

जुलै, रात्रपाळी

मुंबईत पाऊस लागला की मेडिसिन वॉर्डात व्हायवॅक्स मलेरियाचे पेशंट येऊ लागतात. नर्सिंगच्या मुलींना जीनोमिक्स (जनुकांचा अभ्यास) शिकवायला याहून चांगला मोसम नाही. डीएनएच्या शिडीवर तासन्‌तास जातात. गोळ्यांच्या ट्रॉलीपाशी त्याचं काय करायचं, हे मात्र राहून जातं.

क्लोरोक्विनचे तीन दिवस बहुधा सरळ जातात. खरी काळजी प्रायमाक्विनची. यकृतात दडलेला परजीवी मारायला मोठ्या माणसाला रोज 15 मिलिग्रॅम, 14 दिवस. ज्याच्यात जी-सिक्स-पीडी हे तांबड्या पेशी जपणारं एन्झाइम जन्मतः कमी, त्याच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटतात. म्हणून पहिल्या डोसआधी केसपेपरवर त्याचा रिपोर्ट शोधायचा. नसेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी हातावर ठेवायची नाही. बाई गरोदर नाही ना, हेही तेव्हाच बघायचं. दोष एक्स गुणसूत्रावर, त्यामुळे पुरुषांत जास्त दिसतो. बाईचा एक एक्स चांगला असेल तर साधी टेस्ट नॉर्मल येऊ शकते, पेशी मात्र तरीही फुटू शकतात. पारशी कुटुंबांत प्रमाण जास्त हे जुनं माहीत आहे, पण आडनावावरून टेस्ट ठरवू नये. ‘काका, पूर्वी कुठल्या गोळीने लघवी काळी झाली होती का? भावाला, मामाला?’ एवढं विचारायला अर्धं मिनिट लागतं.

नॉर्मल रिपोर्टवरही सुरुवातीचे दिवस लघवीचा रंग रोज विचारायचा. कोकसारखी लघवी, पिवळे डोळे, धाप, कंबरदुखी यातलं काही दिसलं की गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवायचं. त्याच वेळी जी-सिक्स-पीडी पुन्हा पाठवलं तर फसवा नॉर्मल येऊ शकतो: एन्झाइम कमी असलेल्या म्हाताऱ्या पेशी फुटून गेलेल्या, उरलेल्या कोवळ्या पेशींत ते जास्त. टेस्ट साधारण तीन महिन्यांनी परत करावी. कोर्स संपायच्या आत पेशंट घरी जातो, तेव्हा हे सगळं डिस्चार्जच्या वेळी घरच्यांनाही सांगायला हवं. नुसतं ‘गोळ्या वेळेवर घ्या’ म्हणून भागत नाही.

एएनसीत, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीत, थॅलसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचं तसंच. एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीत एचबी-ए-टू हा प्रकार 3.5 टक्क्यांच्या वर गेला की वाहक (स्वतः बरी, पण दोष मुलाला देऊ शकणारी) असण्याचा संशय, आणि नवऱ्याचीही तपासणी. रक्त चढवायचं असेल तर सॅम्पल आधी काढा. नंतर दात्याच्या पेशीही मोजल्या जातात. लोह फार कमी असेल तर ए-टू खाली दिसू शकतं. दोघंही वाहक असतील तर दर खेपेला 25 टक्के धोका. एक मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली, हा हिशेब घरोघर ऐकू येतो आणि तो साफ चुकीचा आहे. वंशावळ काढताना ‘नात्यात लग्न झालंय का’ला पटकन ‘नाही’ येतं. ‘सासूबाई तुमच्या आत्या लागतात का, ताई?’ असं विचारलं की कागदावर नात्यातल्या लग्नाची दुहेरी रेघ येते.

रक्ताच्या ट्यूबचं थोडक्यात. डीएनएसाठी जांभळं टोपण, 2-3 मिली, हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटी-सुलटी. गुठळी झाली की सॅम्पल परत येतं. कॅरिओटाइपला, म्हणजे गुणसूत्रं बघायच्या तपासणीला, जिवंत पेशी लागतात, म्हणून हिरवं टोपण, सोडियम हेपरिनचं. पण हेपरिन पीसीआरला (डीएनएच्या प्रती काढायच्या पद्धतीला) अडवतं, तेव्हा हिरव्यातलं रक्त जांभळ्यात ओतून वेळ मारून नेऊ नये. लेबल खाटेपाशीच, पेशंटकडून पूर्ण नाव वदवून घेऊन.