तुम्ही विचारलंत म्हणून: इटलीच्या नागरिकत्वासाठी वकील लागतो का?

महिन्यातून एखादा तरी फोन येतोच, कधी तोरिनोहून, कधी मिलानोहून, परवा तर तासगावच्या मामींच्या ओळखीतून एकीचा आला, आणि प्रश्न तोच: ताई, तुम्ही सिटिझनशिपला वकील केला होता ना, करायलाच लागतो का, आणि त्यानं काम लवकर होतं का? फोनवर घाईघाईत काहीतरी सुटतं म्हणून एकदाच नीट लिहिते.

लवकर होत नाही. हे आधी सांगते कारण लवकर करून देतो म्हणून पैसे घेणारे आपल्यातलेच एजंट मी बघितलेत. 10 वर्षं राहिल्याच्या आधारावर अर्ज करताय तर सरकारला 24 महिने, वाढवून 36 महिने मुदत आहे, आणि वकील असला तरी तुमची फाइल कुणाच्या पुढे जात नाही. मुदत उलटून गेल्यावर मात्र वकिलाचं पत्र जातं आणि कोर्टात जायची वाट असते, ते वेगळं. (आणि हो, 10 ची 5 वर्षं झाली का असंही बरेच जण विचारतात. जून 2025 ला त्यावर सार्वमत झालं, निम्मे मतदारसुद्धा आले नाहीत म्हणून ते बाद झालं, 10 वर्षंच आहेत.)

अर्ज भरायलाही वकील लागत नाही. स्पिड (सरकारी कामांसाठी लागणारी इथली डिजिटल ओळख) असलं की गृहमंत्रालयाच्या पोर्टलवर घरबसल्या भरता येतो, 250 युरो फी, 16 युरोचं मुद्रांकाचं तिकीट, मागच्या 3 वर्षांचं उत्पन्न, इटालियन भाषेची बी-वन पातळीची परीक्षा, जन्मदाखला आणि पोलीस क्लिअरन्स. अडलात तर पात्रोनातोत, म्हणजे असे अर्ज भरायला मदत करणाऱ्या केंद्रात जा, तिथली माणसं रोज हेच करतात.

मग मी का केला? तर माझं दोन ठिकाणी अडलं होतं आणि त्यातलं एक मला माहीतसुद्धा नव्हतं.

2020 ला मी वकीलबाईंकडे गेले ती फक्त नावाच्या भानगडीसाठी. त्यांनी नावाचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ते बघू, आधी कोमूनेतून, म्हणजे इथल्या नगरपालिकेतून, रहिवासाचा जुना सगळा इतिहास असलेला दाखला काढून आणा, चेर्तिफिकातो स्तोरिको म्हणतात त्याला. मला वाटलं कशाला, मी 2009 पासून इथंच आहे, कुठं गेले? आणला. एकच पान. त्यांनी त्यावरून पेन्सिल फिरवत आणली आणि मधल्या दोन ओळींच्या मध्ये थांबल्या. 2014 मध्ये नाव कमी केलेलं, आणि पुन्हा घातलेलं 2015 मध्ये. मधले काही महिने कागदावर मी इटलीत नव्हतेच! तेव्हा मी रोज सकाळी मुलाला बालवाडीत सोडून कामावर जात होते.

झालं काय होतं, तर पेरमेस्सो, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, रिन्यू झाल्यावर 60 दिवसांच्या आत कोमूनेत जाऊन, मी अजून याच पत्त्यावर राहते, असं सांगायचं असतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. न सांगितल्यावर त्यांनी नोटीस पाठवली ती आमच्या जुन्या घरी, आम्ही तर गल्ली बदललेली, मग नाव कापलं. पुढच्या वर्षी दुसऱ्याच कामाला गेले तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी नाव परत घालून दिलं आणि मीही काही विचारलं नाही. आता 10 वर्षं सलग पाहिजेत म्हणजे सलगच, अशी फट राहिली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून धरू शकतात. मी तसाच अर्ज केला असता तर वाट बघण्यात दोन-तीन वर्षं घालवून हातात नकार पडला असता.

वकीलबाईंनी मला त्या वर्षातले सगळे कागद शोधायला लावले. पगाराच्या स्लिपा, नवीन घराचा भाडेकरार, डॉक्टरची चिठ्ठी, बालवाडीची पावती. मी कागद टाकत नाही म्हणून घरात सगळे वैतागतात, पण त्या पावतीनं काम केलं. त्यांनी कोमूनेला पत्र लिहिलं की बाई इथंच होत्या, नोटीस चुकीच्या पत्त्यावर गेली, आणि बऱ्याच महिन्यांनी, दोनदा आठवण केल्यावर, ती फट कागदोपत्री भरून निघाली. वकिलाचे पैसे मी या एका पत्रासाठी दिले असं मी मानते, आणि पुन्हा देईन.

आता नावाचं. माझ्या जन्माच्या नोंदीत नावाचा रकाना कोरा होता, नुसतं मुलगी. आपल्याकडं गावात कितीतरी जणांचं असंच आहे, बारसं नंतर होतं आणि ग्रामपंचायतीत परत कोण जातो? भावानं ग्रामसेवकांकडं चार खेपा घालून नाव चढवून घेतलं, मग राज्याचा शिक्का, मग अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का, मग इटालियन भाषांतर. पण दाखल्यावर माहेरचं आडनाव आणि पासपोर्टपासून पगारापर्यंत सगळीकडं सासरचं. इथं लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही, त्यामुळं त्यांच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. दोघी एकच आहेत असं भारताच्या वकिलातीकडून लिहून आणायचं आणि त्यावर प्रेफेत्तूरात (इथल्या सरकारच्या जिल्हा कार्यालयात) शिक्का मारून घ्यायचा. हे तुमचं तुम्हालाही जमेल, फक्त अर्जाआधी करा. आणि पोलीस क्लिअरन्स सगळ्यात शेवटी काढा, तो 6 महिनेच चालतो.

वकील करायचाच तर लेखी प्रेव्हेंतीव्हो, म्हणजे खर्चाचा अंदाज, मागा, 2017 च्या कायद्यानं त्यांना तो द्यावाच लागतो, आणि वकिलांच्या बारच्या यादीत नाव आहे का ते बघा. पहिल्यांदा नुसता एक तास सल्ला घ्या. आणि अर्ज नाकारणार असल्याची आधीची नोटीस आली तर उत्तराला 10 दिवस असतात, त्या दिवशी मात्र मैत्रिणींना विचारत बसू नका, सरळ वकील गाठा.

माझा अर्ज 2021 ला गेला आणि 2024 ला नागरिकत्व मंजूर झाल्याची डिक्री आली. ती हातात पडल्यावर 6 महिन्यांच्या आत शपथ घ्यावी लागते. कोमूनेत, इटलीचा तिरंगी पट्टा घातलेल्या बाईंसमोर उभं राहून, जुरो (मी शपथ घेते), म्हणून एकच वाक्य वाचायचं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही इटालियन, आणि आपला कायदा दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही म्हणून त्याच दिवसापासून भारतीय नाही. हे मला पाठ होतं तरी पासपोर्ट जमा करायला गेले तेव्हा खिडकीपाशी हात मागं आला. पुण्याच्या पासपोर्ट ऑफिसात अण्णा माझ्याबरोबर रांगेत उभे होते, पहाटेच्या एसटीनं आलेले. ते आता नाहीत.

मग नवीन ओळखपत्र आलं. जन्मदाखला इथल्या नोंदवहीत चढवतात, त्यावरूनच सगळं होतं, म्हणून माझ्या कार्डावर सासरचं नाही, अण्णांचं आडनाव आलं, 16 वर्षांनी. बँक, नोकरी, डॉक्टर सगळीकडं बदलून घ्यायला अख्खा हिवाळा गेला. खाली जन्मस्थळ म्हणून आमच्या गावाचं नाव आहे, स्पेलिंगसकट बरोबर.