दुसरी प्रत

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला एडीएचडी (लक्ष एकाग्र न होणे आणि अतिचंचलता) असल्याचे निदान झाले. ते आम्ही कसे पचवले, शाळेला कसे सांगितले, समुपदेशकांकडे किती फेऱ्या झाल्या, हे मी इथे लिहीत नाही, कारण त्या सगळ्या टप्प्यांवर माणसे चांगली भेटली आणि कामे वेळेवर झाली. लिहायचे आहे ते औषधाच्या चिठ्ठीविषयी. त्या एका कागदापायी माझे दोन बुधवार पूर्ण वाया गेले आणि मधला आठवडा चिडचिडीत गेला. वर्ष उलटले, तरी तो राग पुरता ओसरलेला नाही.

आम्ही साताऱ्याला राहतो. मुलाचे मानसोपचारतज्ज्ञ पुण्यातील एका रुग्णालयात बुधवारी दुपारी एकपर्यंत बाह्यरुग्ण तपासतात. त्यांनी मेथिलफेनिडेटच्या दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या लिहून दिल्या : सकाळी नाश्त्यानंतर एक, दुपारी डबा खाल्ल्यावर एक. गोळीचा परिणाम तीन-चार तासच टिकतो, भूक कमी होऊ शकते, म्हणून दर भेटीत वजन पाहायचे, हे सारे त्यांनी शांतपणे समजावले. हे औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, एवढे मात्र कोणी सांगितले नाही. रुग्णालयाच्या औषध विभागात साठा संपला होता.

पहिल्या दोन दुकानांत ‘ते आम्ही ठेवत नाही’ हे उत्तर मिळाले. तिसऱ्या दुकानातल्या मुलाने निदान कारण तरी सांगितले. हे औषध अनुसूची ‘एक्स’मध्ये, म्हणजे विक्रीवर कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येते आणि ते विकायला नेहमीचा परवाना पुरत नाही, ‘२०-एफ’ नमुन्यातला वेगळा परवाना अन्न व औषध प्रशासनाकडून घ्यावा लागतो. फार थोडी दुकाने तो घेतात. त्यानेच एका जुन्या केमिस्टचा पत्ता दिला. (इथेच सांगून ठेवतो, नंतर राहून जाईल : दुकानात शिरल्यावर औषधाचे नाव सांगण्याआधी ‘शेड्यूल एक्सचा परवाना आहे का’ हे विचारावे. निम्मी पायपीट वाचते.)

चौथ्या दुकानातले वयस्कर गृहस्थ चिठ्ठी चष्म्याजवळ धरून वाचत राहिले आणि म्हणाले, “दुसरी प्रत?” दुसरी प्रत म्हणजे काय, हे मला कळेना. त्यांनी सांगितले, की अनुसूची ‘एक्स’च्या औषधाची चिठ्ठी दोन प्रतींत लागते. एक रुग्णाकडे राहते आणि दुसरी दुकानदाराला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. औषध नियम, १९४५ यांतील ६५व्या नियमात हे लिहिलेले आहे. म्हणजे ही काल-परवाची नवी टूम नव्हती. रोज अशी औषधे लिहून देणाऱ्या विभागाला ती ठाऊक असायलाच हवी होती.

मी रुग्णालयात परत गेलो. दीड वाजला होता आणि डॉक्टर निघून गेले होते. काउंटरवरच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, “दादा, झेरॉक्स काढा ना, सगळे तेच नेतात.” जिन्याखाली झेरॉक्सचे यंत्र होते. दोन रुपये देऊन प्रत काढली, रिक्षाने पुन्हा दुकान गाठले. केमिस्टनी त्या प्रतीवरच्या सहीवरून अंगठा फिरवला, शाई उमटत नाही हे मला दाखवले आणि कागद परत दिला. “साहेब, सही असली हवी. निरीक्षक येतात, एकेक चिठ्ठी रजिस्टरशी ताडून बघतात. गोळी कमी-जास्त निघाली तर उत्तर मला द्यावं लागतं.” त्या क्षणी मला त्यांचाच राग आला होता, हे कबूल करतो. तो चुकीच्या माणसावर निघाला होता. तिसऱ्यांदा रुग्णालयात गेल्यावर तिथल्या दुसऱ्या डॉक्टरांना विनंती केली, तर त्यांनी मुलाला तपासल्याशिवाय सही करणार नाही असे सांगितले, आणि तेही रास्तच होते. मुलगा तेव्हा त्याच्या आजीबरोबर स्वारगेटला बसच्या रांगेत उभा होता.

मधल्या आठवड्यात मी व्हिडिओ कॉलवर चिठ्ठी मागून पाहिली. मुलाची सहामाही परीक्षा तोंडावर होती आणि त्याआधी औषध कसे लागू पडते हे पाहायचे होते. डॉक्टर स्वतः फोनवर आले आणि म्हणाले, की दूरवैद्यकाच्या (टेलिमेडिसिनच्या) मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अनुसूची ‘एक्स’मधील आणि अमली पदार्थविषयक कायद्याखालील औषधे दूरस्थ पद्धतीने लिहून देता येत नाहीत. मेथिलफेनिडेट दोन्हींत बसते. चिठ्ठी हवी तर यावेच लागेल. दुसऱ्या प्रतीचा विषय काढल्यावर ते अवघडले. ती काउंटरवर आपोआप तयार होते, अशी त्यांची समजूत होती.

पुढच्या बुधवारी मी आठ वाजल्यापासून बसलो. या वेळी दोन प्रती झाल्या, दोन्हींवर निळ्या शाईची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. मी विजयी मुद्रेने दुकानात गेलो. केमिस्टनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले, बोट एकेका ओळीवरून खाली नेले आणि थांबले. मात्रा होती, ‘तीस दिवस’ होते, पण एकूण गोळ्या किती हे कुठेच नव्हते. दोन गोळ्यांचे तीस दिवस म्हणजे साठ, हा हिशेब माझा मुलगाही करेल, असे मी जरा चढ्या आवाजात बोललो. त्यांचे म्हणणे असे, की नियमात मात्रा आणि एकूण प्रमाण ही दोन्ही चिठ्ठीवरच असावीत असे आहे, हिशेब विकणाऱ्याने करायचा नाही. दुसऱ्या प्रतीवर रुग्णाचा पत्ताही नव्हता, कारण ती सहायकाने घाईत उतरवली होती. घड्याळात बारा वाजून पन्नास मिनिटे झाली होती. मी दुकानापासून रुग्णालयापर्यंत अक्षरशः धावलो आणि डॉक्टरांना लिफ्टच्या दारात गाठले. त्यांनी भिंतीला कागद टेकवून दोन्ही प्रतींवर ‘एकूण ६० (साठ) गोळ्या’ असे लिहिले, पत्ता घातला आणि प्रत्येक दुरुस्तीशेजारी पुन्हा सही केली. आकडा अक्षरांतही लिहून घ्यावा, ही सवय मला तेव्हापासून लागली. साठचे सहाशे करणे फार सोपे असते.

मग जे झाले ते दहा मिनिटांत झाले. केमिस्टनी कमरेची किल्ली काढून मागचे छोटे लोखंडी कपाट उघडले. ही औषधे कुलपात, इतर औषधांपासून वेगळी ठेवावी लागतात. पट्ट्यांवर लाल अक्षरांत ‘एक्सआरएक्स’ छापलेले होते. त्यांनी गोळ्या माझ्यासमोर दोनदा मोजल्या, पाने क्रमांकित असलेल्या रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, डॉक्टरांचे नाव आणि संख्या लिहिली. माझ्याकडच्या प्रतीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख टाकली. त्या शिक्क्याचा अर्थ नीट समजून घ्यावा : डॉक्टरांनी तसे लिहिलेले नसेल, तर त्या चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध मिळत नाही.

आता आम्ही पंचेचाळीस दिवसांच्या नव्वद गोळ्या एकदम लिहून घेतो. हा आकडा विचार करून ठरवला आहे. अमली पदार्थविषयक नियमांनुसार स्वतःच्या उपचारासाठी मनावर परिणाम करणाऱ्या (सायकोट्रॉपिक) औषधांच्या शंभर मात्रांपर्यंत, आमच्या बाबतीत गोळ्यांपर्यंत, एका वेळी बाळगण्याची मुभा आहे. त्याहून अधिक, तीनशेपर्यंत, हव्या असतील तर डॉक्टरांनी दीर्घकालीन उपचारासाठी तसे खास लिहून द्यावे लागते. साताऱ्याहून येणाऱ्याला तीनशे सोयीच्या पडल्या असत्या, पण दीड महिन्याने वजन आणि झोप पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही, असे डॉक्टरांचे मत आहे आणि ते मला पटते. दुपारच्या गोळ्या वर्गशिक्षिकांकडे एका डबीत असतात. डबीबरोबर चिठ्ठीची झेरॉक्स दिलेली आहे. तिथे ती चालते.

रुग्णालयातल्या काउंटरवर मात्र अजूनही एक साधा फलक नाही. मी दोनदा लेखी सूचना दिली. मागच्या बुधवारी जिन्याखाली फलटणहून आलेल्या एक बाई हातात मूळ चिठ्ठी धरून झेरॉक्सच्या रांगेत उभ्या होत्या. लेटरहेडवरची ओळ मी लांबूनच ओळखली. डॉक्टर निघायला वीस मिनिटे होती. मी त्यांना म्हटले, “ताई, इथे थांबू नका, वर जाऊन दुसरी प्रत हातानेच लिहून घ्या आणि गोळ्यांचा आकडा अक्षरांत घालून घ्या.” त्यांनी एकदा माझ्याकडे संशयाने पाहिले, पदर खोचला आणि जिना चढून गेल्या.